दोनशे सातचा मालक

“सर, तुमचा आठवडा ब्लू आहे,” फोनवरची मुलगी म्हणाली.

मला निळा रंग आवडतो. म्हणून मी “वा, छान,” म्हणालो. मग तिने, दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात त्या आवाजात समजावलं की रेड म्हणजे सगळ्यात मागणीचा आठवडा, व्हाईट म्हणजे मधला, आणि ब्लू म्हणजे... “ब्लू म्हणजे थोडं फ्लेक्सिबल राहावं लागतं, सर.”

मी सेलूच्या एका जिनिंगमध्ये बावीस वर्षं ग्रेडर आहे. शेतकऱ्याने टेम्पो उभा केला की मी कापसात कोपरापर्यंत हात घालतो, खालचा मूठभर बाहेर काढतो, धागा ओढून बघतो आणि सांगतो : हा एक नंबर, हा दोन नंबर, ही कवडी. कवडी म्हणजे डागी, पिवळा, किडका माल. हा शब्द तोंडातून काढल्याबद्दल मी बावीस वर्षांत पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत. एकाने तर पायताण काढलं होतं. पण स्वतःचा माल घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आता आली, आणि कुठल्याशा शहरातल्या ऑफिसात बसलेली पोरगी हातसुद्धा न घालता सांगत होती की बन्सीधर रेंगे यांचा आठवडा कवडी आहे. मी वजनकाट्याजवळ उभा होतो, तिथेच काट्यावर बसलो. ऑपरेटरने माझं वजन मोठ्याने वाचून दाखवलं.

आठवडा विकत मिळतो हे मलाही परभणीच्या एका हॉटेलात फुकटचा डिनर सेट आणायला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. साडेतीन तास आम्हाला बसवलं आणि उठलो तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या डोंगरात, ग्रीन शालू हिल रिसॉर्टमधल्या दोनशे सात नंबरच्या दोन खोल्या दर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापुरत्या माझ्या झाल्या होत्या, पंचवीस वर्षांसाठी. उरलेल्या आठवड्यांचे मालक वेगळे.

“म्हंजे बटईनं,” मी म्हणालो.

“एक्झॅक्टली सर!” कोटवाला तरुण म्हणाला. बटई म्हणजे वाट्याने केलेली शेती हे त्याला माहीत नव्हतं, हे मला नंतर कळलं. “आणि सर, तिथं जायलाच पाहिजे असं नाही. तुमचा आठवडा एक्स्चेंज नेटवर्कमध्ये जमा करायचा आणि बदल्यात दुसऱ्याचा घ्यायचा. मनाली, उटी, बँकॉक.” त्याने लॅपटॉपवर जगाचा नकाशा दाखवला. त्यावर गोवर उठावा तसे लाल ठिपके होते.

माझी बायको राजेश्री जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने साडेतीन तासांत एकच प्रश्न विचारला. “तिथं सैपाक कोण करतं?”

“मॅडम, सुट्टीत कोणी स्वयंपाक करतं का?”

या उत्तरावर आम्ही सही केली. तेवीस वर्षांच्या संसारात राजेश्रीने गॅस पेटवला नाही असा एक दिवस नाही. लग्नानंतर आम्ही पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो, ते तिचं माहेरच, आणि तिथे तिने अकरा माणसांच्या पोळ्या लाटल्या. अर्पिता, आमची लेक, पुण्याला शिकायला गेली त्या दिवशीही डबा करूनच ती रडली. “बरफ दिसला तर बरंच हाय,” परभणीहून परत येताना राजेश्री म्हणाली, “पण सात दिवस मला सैपाकाचा ओटा दिसला न्हाई पाहिजे.” मी शब्द दिला. करार एकोणचाळीस पानांचा होता. मी पहिलं पान वाचलं होतं, आणि सहीचं.

गल्लीत बातमी मी स्वतः सांगितली नाही. राजेश्रीने दोन स्वेटर आणले, मे महिन्यातल्या मनालीसाठी, फेब्रुवारीतच, आणि ते उन्हात घातले. सेलूत फेब्रुवारीत उन्हात वाळत घातलेले स्वेटर पाहून कोणीही विचारणारच. समोरच्या चतुराबाई रस्ता ओलांडून आल्या.

“भाऊ, तुमी मनालीवाल्याच्या घरी जायलाव म्हणं?”

“घरी न्हाई, मावशी. आठवड्याची अदलाबदल असते. आमचा त्यांना, त्यांचा आमाला.”

“म्हंजे ते तुमच्या घरी येणार.”

“न्हाई न्हाई. आमचा आठवडा डोंगरात हाय.”

“आठवडा डोंगरात कसा राहील?” चतुराबाई म्हणाल्या. “काही फिकीर करू नका. चावी माझ्याकडं ठिवा. थंडीतली माणसं, त्यांना तिखट चालत नसल. मी बघते. नळाला पाणी कोण्या दिवशी येतं ते त्यांना कोण सांगंल?”

मी तीनदा समजावलं. चौथ्यांदा समजावताना माझाही थोडा गोंधळ उडाला, तेव्हा सोडून दिलं.

आता त्या नेटवर्कचं. हे रिसॉर्टवाले आणि नेटवर्कवाले एकच असतील अशी माझी समजूत होती. तर नाही. रिसॉर्टला दरवर्षी देखभालीचे पैसे, तुम्ही जा अगर न जा. नेटवर्कला वर्षाची मेंबरशिप वेगळी. आणि अदलाबदल झालीच तर तिची फी पुन्हा वेगळी. एवढं भरून झालं की तुम्हाला रांगेत उभं राहण्याचा हक्क मिळतो. मी नोव्हेंबरमध्ये आठवडा जमा केला होता. डिसेंबरपासून फोन करत होतो. दर वेळी नवी मुलगी, दर वेळी जन्मतारीख सांगा. माझी जन्मतारीख जिनिंगमध्ये सगळ्यांना पाठ झाली, कारण मशिनरीच्या आवाजात मला ती ओरडून सांगावी लागे.

“सर, तुमच्या डिपॉझिटचं वजन कमी पडतंय,” मार्चमध्ये एक मुलगी म्हणाली. आठवडा मोसमाचा असेल तर वजन जास्त, खोल्या जास्त असतील तर जास्त, जागा नावाजलेली असेल तर जास्त. आणि जेवढ्या वजनाचं दिलं तेवढ्याच वजनाचं मिळतं. मी घरी हे सांगितलं. राजेश्रीने माझ्या पोटाकडे बघितलं.

मे आला आणि गेला. स्वेटर पेटीत गेले. गल्लीला मी सांगितलं की पुढे ढकललंय. जूनच्या शेवटी फोन आला.

“सर, कॉन्ग्रॅच्युलेशन्स! तुमच्यासाठी परफेक्ट मॅच मिळालाय. मिस्टी हाइट्स. डोंगरात, व्हॅली व्ह्यू, धुकं. ऑगस्टचा पहिला आठवडा. सातारा जिल्हा.”

“साताऱ्यातच?”

“सर, ही प्रॉपर्टी आमच्याकडे नवीनच लिस्ट झालीय. दुपारपर्यंतच होल्ड करता येईल.”

मी दुपारपर्यंत थांबलो नाही. अदलाबदलीची फी भरली, परत न मिळण्याच्या अटीवर. संध्याकाळी राजेश्रीला सांगितलं.

“डोंगरातलं देऊन डोंगरातलंच घेतलं?” ती म्हणाली. “तोच आठवडा?”

“तुला त्यातलं कळत न्हाई,” मी म्हणालो. “आपलं ते ग्रीन शालू. हे मिस्टी हाइट्स. नावातच फरक हाय.”

तिने सात दिवसांची अर्जित रजा टाकली. मनाली रद्द झाली हे गल्लीला सांगायचं माझ्या अंगात बळ नव्हतं. चतुराबाईंकडे चावी दिली, स्वेटर बॅगेत भरले आणि देवगाव फाट्यावर ट्रॅव्हल्समध्ये बसलो. पुण्याला उतरलो, एसटीने साताऱ्याला, तिथून जीपने वर. जीपवाल्याला रस्ता पाठ होता हे आमचं नशीब, कारण दिसत काहीच नव्हतं. धुकं म्हणजे जिनिंगमध्ये रुई उडते तसं, फरक एवढाच की हे ओलं होतं.

फाटकावर नवी पाटी होती : मिस्टी हाइट्स. पांढऱ्या रंगाखालून जुनी हिरवी अक्षरं पुसट दिसत होती. मी ती वाचली. वाचूनही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, आणि याची मला आजही लाज वाटते.

काउंटरवर माने नावाचे चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी माझं पत्र बघितलं, रजिस्टर बघितलं, मग चष्मा काढून मला बघितलं.

“रेंगे. बन्सीधर. सेलू, जिल्हा परभणी? अहो, तुम्ही तर आमचे ओनर!” ते उठून उभे राहिले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. “दोनशे सात! पूर्वीचं ग्रीन शालू. गेल्या वर्षी मॅनेजमेंट बदललं, नाव बदललं. पत्र पाठवलं होतं सगळ्यांना.”

पत्र आलं होतं. इंग्रजीत होतं. मला जाहिरात वाटली आणि ते आमच्या फडताळात डब्यांखाली अंथरलेलं आहे.

“पण साहेब,” माने चकित होऊन म्हणाले, “ओनर असून एक्स्चेंजवर कसे आलात? सरळ यायचं की! तुमचा आठवडा तुमचाच होता.”

“मग... दोनशे सात?”

“तिथं गेस्ट आहेत. नेटवर्कनं दिलेत. तुम्हाला एकशे तीन आहे. स्टुडिओ. खाली, मागच्या बाजूला.”

मी बॅगेवर बसलो. आयुष्यात मला धक्के बसलेले नाहीत असं नाही. गंजी पेटलेली मी पाहिली आहे. पण माझीच वस्तू मी दिली, तिच्यावर फी भरली, सात महिने फोन केले आणि त्याच वस्तूचा लहान तुकडा मला परत मिळाला, हे कोणत्या खात्यात धरायचं मला कळेना. राजेश्रीला कळलं होतं.

“म्हंजे,” ती सावकाश म्हणाली, “आपण पैसे भरून आपल्याच घरातून खाली उतरलोव.”

एकशे तीनची खिडकी जनरेटरवर उघडत होती. एक पलंग, एक कपाट आणि पलंगापासून चार पावलांवर ओटा. ओट्यावर विजेची शेगडी, दोन पातेली, तवा, आणि भिंतीला खिळ्यावर लाटणं.

राजेश्री त्या लाटण्यासमोर उभी राहिली.

“ऑफ-सीझनला रेस्टॉरंट बंद असतं,” माने दारातून कौतुकाने म्हणाले, “पण आपल्या प्रत्येक युनिटला किचनेट आहे!”

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. शाळेत चाळीस पोरांना ती आवाज न चढवता गप्प करते. मी एकटाच होतो.

तिथे उभं राहणं शक्य नव्हतं, म्हणून मी रागावलो. माणूस रागावला की त्याला कुठेतरी जाता येतं. मी दोन जिने चढून दोनशे सातवर गेलो आणि स्वतःच्या दारावर टकटक केली.

दार पन्नाशीच्या एका माणसाने उघडलं. अंगात बनियन, हातात चहाची कपबशी. मागे दोन खोल्या, सोफा, आणि काचेपलीकडे बाल्कनी. बाल्कनीत वेताच्या दोन खुर्च्या.

“हे माझं घर हाय,” मी म्हणालो.

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याचा चेहरा उजळला. “तुमी आमच्या तिकडले दिसायलाव! कुठले?”

“सेलू.”

“आवो, मी परभणीचा! धम्मानंद वाव्हळे. गणित शिकवतो. बबिता, सेलूचे पाव्हणे आलेत गं!”

आतून त्यांच्या बायकोने आणखी एक कप आणला. मी भांडायला गेलो होतो आणि माझ्याच सोफ्यावर पाहुणा म्हणून चहा पीत बसलो. चहा उत्तम होता. मी सगळं सांगितलं. वाव्हळे सर शेवटपर्यंत हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. फक्त मधे एकदा कपबशी जोरात वाजली.

“मी मालक न्हाई,” ते म्हणाले. “माझा एक दोस्त नेटवर्कचा मेंबर हाय. हंगाम नसलेले आठवडे शेवटी पडून राहतात. नेटवर्क ते मेंबरला स्वस्तात देऊन टाकतं, आन् मेंबरला पाव्हण्याच्या नावानं चिठ्ठी देता येते. तुमी वर्षाला देखभालीचं जेवढं भरता ना, त्याच्या निम्म्यात आमी इथं हाव.”

मी कप खाली ठेवला. “म्हंजे सगळं फसवाफसवीच म्हणायची.”

“बिलकुल न्हाई. माझ्या दोस्ताचा आठवडा गोव्यातला, दिवाळीचा, तीन खोल्यांचा. तो दीड वर्ष आधी जमा करतो आन् जे मिळंल तिकडं जातो. त्याला लय परवडतं. जगभर फिरलाय. पण तुमी काय केलं? ऑगस्टातली कवडी घातली आन् मे महिन्याची मनाली मागितली. बाजारात कोण देईल, साहेब?”

हे वाक्य, शब्दाची हेरफेर सोडली तर, मी दर हंगामात रोज शंभर जणांना ऐकवतो. ऐकणाऱ्याला कसं वाटतं हे मला त्या दिवशी कळलं. मी उठलो. बबिताताईंनी कणीक, डाळ आणि मिरच्या बांधून दिल्या, कारण सर्वांत जवळचं दुकान तीन किलोमीटरवर होतं.

खाली आलो तर राजेश्री पदर खोचून उभी होती. ती लाटण्याकडे हात करणार एवढ्यात मी म्हणालो, “थांब. सात दिवस सैपाक मी करणार.”

“तुमी?”

“मी.”

तिने हात धुतले आणि शांतपणे पलंगावर बसली. तिने थोडा आग्रह करावा अशी माझी अपेक्षा होती.

पहिल्या दिवसाचं वरण मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी शेगडी आणि गिझर एकदम लावले आणि सगळ्या इमारतीची वीज गेली. माने बॅटरी घेऊन आले. “ओनर आहात म्हणून बोलत नाही,” एवढंच ते बोलले. पोळ्या मी नकाशाच्या आकाराच्या करत होतो असं म्हणता आलं असतं, पण त्या आकाराचा देश नाही.

त्याच दुपारी चतुराबाईंचा फोन आला. आवाज दबका होता.

“भाऊ, आली माणसं.”

“कोण माणसं?”

“मनालीवाले! नवरा, बायको, दोन लेकरं. सकाळीच आले. मी चावी दिली. लय सादी माणसं हायत हो. मी हिंदीत विचारलं, मनाली से आये क्या? तर म्हणाले, हौ.”

माझ्या हातातलं उलथनं पडलं. सेलूत, माझ्या घरात, मनालीचं कुटुंब! क्षणभर मला खरंच वाटलं की नेटवर्कने काहीतरी उलटंच केलं. राजेश्रीने फोन घेतला आणि म्हणाली, “मावशी, त्यांना द्या बरं फोन.”

पलीकडून हलक्या आवाजात हिंदी आली. “हॅलो, कौन बोलरा?”

“परमेश्वर?” राजेश्री म्हणाली.

तो तिचा धाकटा भाऊ होता, पोखर्णीचा. पोराच्या दाखल्याच्या कामासाठी सेलूला आला होता. वाटेत मानवतला गाडी बदलली. म्हाताऱ्या बाईने मनाली म्हटलं ते त्याला मानवत ऐकू आलं. तो हौ म्हणाला. पुढे बाई हिंदीतच बोलतात म्हणून तोही मोडकंतोडकं हिंदीतच बोलत राहिला.

“अक्का,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “त्या बाईनं आमाला सकाळपासून बिनतिखटाचं घातलंय. न्याहारीला बी, जेवणाला बी. वर पंखा लावला की म्हणती, गरमी लगती क्या, आन् बरफ आणती. दाजीला कोणता आजार झालाय का, खरं सांग.”

राजेश्री हसायला लागली. पहिल्यांदा तोंडावर हात धरून, मग हात सोडून. डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता ती पलंगावर आडवी झाली. तिला असं हसताना मी शेवटचं कधी पाहिलं ते मला आठवेना.

चौथ्या दिवसापासून एक पद्धत बसली. सकाळची भांडी झाली की राजेश्री वर दोनशे सातला जायची. ती आणि बबिताताई वेताच्या खुर्च्यांवर बसायच्या, समोर पांढरं धुकं, आणि बोलायच्या. काय बोलायच्या देव जाणे. वाव्हळे सर खाली एकशे तीनला यायचे आणि आम्ही दोघं चार माणसांचा स्वयंपाक करायचो. सर मिठाचं प्रमाण त्रैराशिकाने काढायचे. तरी खारट व्हायचं, पण का झालं ते नीट समजायचं.

सहाव्या दिवशी दुपारी सर वर गेले होते. मी एकटाच पिठलं टाकून भाकरीच्या मागे होतो. भाकरी तव्यावर टाकली, आणि वरून सरांची हाक आली, “रेंगे साहेब, पळा! लवकर या!”

मी पिठाच्या हातांनी दोन जिने चढलो. बाल्कनीत तिघंही उभे होते. धुकं उघडलं होतं. खाली एवढी मोठी दरी होती, आणि पाच दिवस आम्ही तिच्या काठावर बसून चहा पीत होतो! पलीकडच्या डोंगरावरून पाण्याच्या सहा-सात धारा कोसळत होत्या, तळाशी भाताची खाचरं चमकत होती आणि त्यांच्यातून खेळण्यातली वाटावी अशी एसटी चालली होती. परभणीच्या सपाट जमिनीवर सगळा जन्म गेला. जमीन इतकी खाली जाऊ शकते हे मला खरं वाटेना.

“हे आपलं हाय?” राजेश्रीने विचारलं.

“आठवड्यापुरतं,” मी म्हणालो.

ती खुर्चीत बसली. तेवढ्यात माझा फोन वाजला. पिठाच्या हातांनी मला तो धरता येईना, म्हणून तिने घेतला आणि स्पीकर लावला.

“नमस्कार सर, आपला स्टे कसा चाललाय? पुढच्या वर्षीचा आठवडा आत्ताच डिपॉझिट केलात तर वजन वाढेल, सर. मनालीचे चान्सेस...”

“सर न्हाईत, मी त्यांची बायको बोलायले,” राजेश्री म्हणाली. “आमची खोली आमालाच पाहिजे. पुढच्या साली, त्याच्या पुढच्या साली, सगळ्या साली. कुणाला द्यायची न्हाई. बदल्यात काय बी नको.”

“मॅडम, पण एक्स्चेंजचा फायदा...”

“फायदा आमी घेतलाय,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

वाव्हळे सर हळूच म्हणाले, “मंग आमची चिठ्ठी पुढच्या साली दोनशे सातला लागणार न्हाई.”

“तुमी एकशे तीनला या,” राजेश्री म्हणाली. “चहाला वर यायचं.”

आणि तेव्हा खालून करपल्याचा वास आला. पहिल्यांदा थोडा, मग भरपूर. तेवीस वर्षांत घरात काही करपलं आणि राजेश्री जागची उठली नाही, असं झालेलं नाही. पाहुणे असोत, ताप असो, तिचे पाय आधी स्वयंपाकघराकडे निघतात आणि मग ती विचार करते. मी तिच्याकडे बघितलं.

तिने पाय उचलून कठड्यावर ठेवले.

“तुमी जा,” ती दरीवरून नजर न काढता म्हणाली. “भाकर करपायली.”